परदेशचा नाका आपल्या बांधावर



फळछाटणीचे दिवस आले. दिंडोरी-निफाडपासून तासगावपर्यंत बागांतून कात्र्या चालू झाल्या आहेत. यंदाचा माल बाहेर पाठवायचा की इथल्याच बाजारात घालायचा, याचा खल घरोघर चालला असेल. अशा दिवसांत चर्चासत्राला जावे की शिवारफेरीला, एक प्रश्न हमखास कानी पडतो. "साहेब, माल आमचा चोख. इथली तपासणी पास झाली, जहाजात चढला. मग तिकडे गेल्यावर अडकतो कसा? आणि अडकला म्हणजे पैसे आमच्याच हिशेबातून का कापतात?"

प्रश्न रास्त आहे. बारा महिने पोटच्या पोरासारखी बाग सांभाळायची आणि परक्या मुलुखातल्या कोणा साहेबाने एका शेऱ्यावर सारे मातीमोल करायचे, हे कोणालाही बोचणारच. म्हणून आज या सदरात तो परदेशचा नाका कसा असतो, तिथे काय पाहतात आणि आपला माल तिथून बिनघोर कसा सुटेल, हे सांगणार आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तो नाका सुरळीत ओलांडण्याची तयारी तिकडच्या बंदरावर होत नसते. ती आज, छाटणीच्या दिवशी, तुमच्या बांधावर होत असते.

नाक्यावर तीन दारे

ज्यांची चाळिशी उलटली आहे त्यांना शहराच्या वेशीवरचे जकात नाके चांगले आठवत असतील. मालाने भरलेला ट्रक थांबायचा, कारकून पावती पाहायचा, माल कोणता, किती, कितीचा, हे विचारायचा आणि पैसे भरून घेऊन गाडी सोडायचा. पावतीवर कांदा आणि गाडीत लसूण निघाला, तर गाडी बाजूला. ते नाके आपल्याकडून गेले. मुंबईची जकातही १ जुलै २०१७ पासून बंद झाली. परंतु देशादेशांच्या वेशीवर तसाच नाका आजही आहे. फरक इतकाच की आपल्या जुन्या नाक्याला एक दार होते, तिकडे तीन आहेत.

द्राक्षांचेच उदाहरण घेऊ. न्हावाशेवा बंदरातून निघालेला आपला थंड कंटेनर बहुधा हॉलंडमधल्या रॉटरडॅम बंदरी उतरतो. त्यात साधारण बारा-तेरा टन द्राक्षे असतात. सुएझ कालव्याच्या वाटेने गेले तरी तीन-साडेतीन आठवडे लागतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा पुष्कळ जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली आणि प्रवासात दहा ते पंधरा दिवसांची भर पडली. म्हणजे माल बंदरात पोचतो तेव्हाच त्याच्या आयुष्याचे बरेच दिवस सरलेले असतात. तिथे प्रत्येक दिवस मोलाचा.

पहिले दार कस्टमचे, म्हणजे सीमाशुल्काचे. तिथला अधिकारी चार गोष्टी विचारतो. माल कोणता? कोणत्या देशाचा? वजन किती? किंमत काय? त्यावर कर ठरतो. मालाची ओळख पटवण्यासाठी साऱ्या जगाने १९८८ पासून एक आकड्यांची भाषा ठरवली आहे. तिचे पहिले सहा आकडे सगळीकडे सारखेच. ताज्या द्राक्षांचा आकडा ०८०६१०, बेदाण्याचा ०८०६२०. एका आकड्याने द्राक्षाचा बेदाणा होतो आणि कराचा हिशेब बदलतो. कागदावर आकडा चुकला तर अधिकारी म्हणणार, आधी हे निस्तरा, मग पुढे जा.

दुसरे दार वनस्पती आरोग्याचे. फळांबरोबर एखादी कीड किंवा रोग आपल्या देशात शिरू नये, ही त्यांची काळजी. इथे आपल्याकडचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. बागायतदार त्याला "फायटो" म्हणतात. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघाने जवळजवळ सर्व ताज्या फळांना ते सक्तीचे केले. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन ही पाचच फळे त्यातून सुटली. हे प्रमाणपत्र माल आपला देश सोडण्याच्या आधीच्या चौदा दिवसांतले असावे लागते आणि त्यावर खाडाखोड चालत नाही.

तिसरे दार अन्नसुरक्षेचे. खाणाऱ्याच्या पोटात औषधाचा अंश किती जाणार, हे इथे पाहतात. एका देशाने दोष पकडला की त्याची वर्दी युरोपीय संघाच्या सत्तावीसही देशांना जाते. एका दारातून परत फिरलेला माल दुसऱ्या बंदरातून हळूच आत घालू, हा विचार म्हणूनच फोल आहे.

या तिन्ही दारांशी प्रत्यक्ष बोलतो तो तिकडचा आयातदार आणि त्याचा दलाल. माल पोचण्याच्या किमान एक कामाचा दिवस आधी त्याने संगणकावर वर्दी द्यायची असते. कागद प्रत्येक खेपेचे तपासले जातात. खोकी उघडतात ती त्यांतल्या काहींचीच. आता ध्यानात घ्या. बऱ्याच खेपांच्या बाबतीत तो अधिकारी तुमचे द्राक्ष डोळ्यांनी पाहतच नाही. तो तुमचा कागद पाहतो. आणि खोके उघडलेच, तर कागद बोलतो तेच खोके बोलते का, एवढेच ताडून पाहतो. नाक्याची सारी विद्या या एका वाक्यात आली. कागद आणि माल यांनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे.

तीन दारांचे तीन धडे

हे नुसते पुस्तकी ज्ञान नव्हे. गेल्या काही वर्षांत या प्रत्येक दाराने आपल्याला एकेक धडा दिला आहे, आणि प्रत्येक धड्याची किंमत बागायतदाराने मोजली आहे.

पहिला धडा २०१० चा, औषधाच्या दाराचा. त्या वेळी आपल्याकडे ग्रेपनेट ही व्यवस्था सुरू होऊन चार वर्षे झाली होती. बागेची नोंदणी, नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, सारे काही होते. इथल्या तपासणीत माल पास झाला आणि तिकडे क्लोरमेक्वॅट क्लोराइड, म्हणजे आपले "सीसीसी", सापडले. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. इथे त्या औषधाची तपासणीच होत नव्हती, कारण तपासायच्या यादीत त्याचे नाव नव्हते. हे औषध खरड छाटणीनंतर फुटींची वाढ आवरण्यासाठी वापरतात, म्हणजे काढणीच्या कितीतरी महिने आधी. कंटेनर बंदरांत अडकले, भाव कोसळले, निर्यातदार आणि बागायतदार दोघेही पोळले. पुढे सीसीसीचे नाव तपासणीच्या यादीत घातले गेले. यातून शिकायचे ते हे की "इथे पास झाला" म्हणजे "तिकडे पास झाला" नव्हे, आणि एप्रिलची फवारणीही फेब्रुवारीत साक्ष देते.

किती अंश म्हणजे जास्त, हे नीट समजून घ्या. ज्या औषधाला युरोपने वेगळी मर्यादा दिलेली नाही, त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. हिशेब मांडा. शंभर टन द्राक्षांत मिळून एक ग्रॅम. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर मीठ. ती चिमूट सात-आठ कंटेनरांत पसरली तरी त्यांचे यंत्र ती शोधून काढते. "थोडेसे मारले तर काय होते?" या प्रश्नाचे उत्तर हेच.

दुसरा धडा २०१४ चा, किडीच्या दाराचा. आदल्या २०१३ सालात भारतातून युरोपला गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी आढळल्या. त्यांनी १ मे २०१४ पासून आपला आंबा आणि त्याबरोबर कारले, पडवळ, वांगे आणि अळू यांना दार बंद केले. ऐन हंगामात हापूसवाल्यांच्या डोक्यावर धोंडा पडला. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, भाज्यांना त्याहून अधिक काळ थांबावे लागले. फळमाशी सालीखाली अंडी घालते. फळ वरून देखणे दिसते आणि आत अळी. ज्यांच्या बागेत एकही माशी नव्हती त्यांचाही आंबा त्या वर्षी अडला, कारण दार माणूस पाहून बंद होत नाही, देश पाहून बंद होते.

तिसरा धडा ताजा, मे २०२५ चा, आणि तो निव्वळ कागदाच्या दाराचा. अमेरिकेने जवळपास अठरा वर्षे बंद ठेवलेला आपला आंबा २००७ मध्ये पुन्हा घ्यायला सुरुवात केली, ती विकिरण करून पाठवण्याच्या अटीवर. त्यासाठी आधी लासलगावचे आणि पुढे वाशीचे केंद्र उपयोगी पडले. २०२५ च्या ८ आणि ९ मे रोजी नवी मुंबईत विकिरण झालेल्या पंधरा खेपा विमानाने गेल्या आणि लॉस एंजलिस, सॅन फ्रान्सिस्को व अटलांटा या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. त्यांना किडीचा दोष दिला नव्हता, औषधाचाही नव्हता. विकिरणाबाबतचा एक फॉर्म चुकीचा भरला गेला, एवढेच कारण होते. एकतर माल परत न्या नाहीतर इथेच नष्ट करा, असे सांगण्यात आले. परत आणण्याचे विमानभाडे आंब्याला परवडणारे नव्हते. तो तिथेच नष्ट झाला. सुमारे पाच लाख डॉलरचे नुकसान झाल्याचा निर्यातदारांचा अंदाज वृत्तपत्रांतून आला होता. आंब्याची काही चूक नव्हती. एका कागदाने त्याची साक्ष नीट दिली नाही.

बांधावर काय करावे

हे वाचून कोणी हबकून जाऊ नये. १९९१ मध्ये सहकारी संस्थांनी एकत्र येऊन महाग्रेप्स काढली तेव्हापासून आपल्या बागायतदारांनी हा रस्ता तुडवला आहे, आणि हजारो कंटेनर या नाक्यांतून सुखरूप सुटले आहेत. जे सुटले त्यांच्यामागे कसली जादू नव्हती, शिस्त होती. ती शिस्त क्रमाने सांगतो.

पहिले काम नोंदणीचे. द्राक्षासाठी ग्रेपनेट, डाळिंबासाठी अनारनेट, आंब्यासाठी मँगोनेट. आपल्या कृषी कार्यालयात जाऊन वेळेत नोंदणी किंवा नूतनीकरण करून घ्यावे. त्यात नाव, गट नंबर, क्षेत्र, वाण, छाटणीची तारीख बिनचूक सांगावी. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि बँकेत तिसरे असले म्हणजे अनुदानाचे पैसे कसे लटकतात, हे आपण सारे जाणतोच. तसेच इथेही. पुढचा प्रत्येक कागद या पहिल्या कागदावरून उतरतो. पहिल्या ओळीत चूक झाली तर ती रॉटरडॅमपर्यंत सोबत जाते.

दुसरे काम फवारणीच्या वहीचे. तिची सुरुवात आजच करावी. तारीख, कोणता प्लॉट, औषधाचे नाव, किती लिटर पाण्यात किती, कशासाठी मारले आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे, एवढे रकाने पुरेत. औषधाचे नाव लिहिताना डब्यावरचे ठळक व्यापारी नाव लिहून थांबू नका. खाली बारीक अक्षरात घटकाचे नाव असते, तेच लिहा, कारण प्रयोगशाळा ते ओळखते. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून शिफारस केलेल्या औषधांची यादी काढणीपूर्व थांबण्याच्या दिवसांसह मिळते. यंदाचीच यादी घ्यावी, गेल्या सालची भिंतीवर चिकटवलेली नको.

मला अनेक घरांत असे दिसते की फवारणी घरधनी करतो आणि वही घरातली लक्ष्मी किंवा शाळेत जाणारी पोर नीट लिहिते. ही फार चांगली रीत आहे. ज्याच्या हाती पंप त्याला सायंकाळी लिहायचा कंटाळा येतो. पण मग लिहिणाऱ्याला खरे सांगितले पाहिजे. "आज काही मारले नाही असेच लिही," असे मुलीला सांगणारा बाप तिला लिहायला नव्हे, खोटे बोलायला शिकवतो. आणि ते खोटे यंत्रापुढे टिकतही नाही.

तिसरे, बिनबिलाची, बिननावाची "टॉनिके" बागेत आणू नयेत. फुगवण होते, रंग येतो, सारे जैविक आहे, असे सांगत कोणी बाटली हातात ठेवतो. त्या बाटलीत न सांगितलेले रसायन निघाले तर विकणारा सापडत नाही, नाव तुमच्या बागेचे लागते. पक्के बिल घ्यावे आणि वहीला टाचून ठेवावे. पंप आणि ड्रमही नीट धुवावेत. काल टोमॅटोवर मारलेल्या औषधाचा तळ आज द्राक्षावर जाता कामा नये. शेजारी फवारणी करत असेल तर वाऱ्याची दिशा पाहून दोघांनी समजुतीने दिवस ठरवावा.

चौथे, नमुना. प्रयोगशाळेचा माणूस नमुना घ्यायला आला म्हणजे त्याला बागेत मोकळे फिरू द्यावे. चांगली ओळ दाखवून वाईट ओळ लपवली तर फसवणूक आपलीच होते. नमुना दिल्यावर नवी फवारणी करू नये, आणि अहवाल येईपर्यंत काढणीची घाई करू नये. अहवाल नापास आला तर तो प्लॉट त्या बाजारासाठी सोडून द्यावा. इथे नापास झालेला माल इथेच कळला तर दुसरी वाट शोधता येते. तिकडे कळला तर भाडे, साठवण, नष्ट करण्याचा खर्च, सारेच अंगावर येते.

पाचवे, किडीचा बंदोबस्त. आंब्याच्या बागेत फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे लावावेत. कोकणात ते "रक्षक सापळा" म्हणून माहीत आहेत. गळालेली फळे रोज वेचून खोल पुरावीत. बांधावर कुजत पडलेले एक फळ साऱ्या शिवाराला माशी पुरवते. द्राक्षात पिठ्या ढेकूण, कोळ्याची जाळी, पानाचा तुकडा, हे सारे खोक्यात जाता कामा नये. पॅकिंगच्या शेडमध्ये काम करणाऱ्या आयाबहिणींच्या हाताला आणि नजरेला इथे फार मोल आहे. त्यांच्या डोक्यावर पुरेसा उजेड असावा, मानेला विसावा मिळावा. थकल्या डोळ्यांना पांढरा ढेकूण दिसत नाही.

सहावे, खोके आणि त्यावरची चिठ्ठी. एका प्लॉटचा माल दुसऱ्यात मिसळू नये. क्रेटवर काढणीपासूनच प्लॉटची खूण असावी. खोक्याचे वजन, खोक्यांची संख्या, वाण आणि नोंदणी क्रमांक यादीत आहे तेच खोक्यावर असावे. खोकी रचायची लाकडी पॅलेटसुद्धा तपासली जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लाकडात कीड राहू नये म्हणून ते आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवावे लागते किंवा ठरलेले धुरीकरण करावे लागते, आणि तसा शिक्का त्यावर हवा. शिक्का नसलेल्या फळकुटावर ठेवलेली सोन्यासारखी द्राक्षेही अडतात.

व्यवहार लेखी करा

आता "पैसे आमचेच का कापतात" याचे उत्तर. पुष्कळदा व्यवहार तोंडी झालेला असतो म्हणून. माल देण्याआधी निर्यातदाराला चार प्रश्न शांतपणे विचारा. भाव बांधून दिला आहे, की तिकडे विकेल तसा हिशेब? माल तिकडे अडला तर बंदरातले भाडे कोण भरणार? नाकारला गेला तर नुकसान कोणाकडे किती? आणि नाकारल्याचा तिकडच्या अधिकाऱ्याचा लेखी कागद मला दाखवणार का? या चौथ्या प्रश्नावर अडून बसा. "तिकडे माल खराब निघाला" एवढ्या एका फोनवर आपण वर्षाची कमाई सोडून देतो, हे बरे नव्हे. विमा आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. नेहमीच्या सागरी विम्यात केवळ उशीर झाल्यामुळे होणारे नुकसान धरलेले नसते. काय धरले आहे ते आधीच विचारून घ्यावे.

शेतकरी उत्पादक कंपन्या काढून काही गावे आता स्वतःच माल पाठवू लागली आहेत. त्यांना एक सावधगिरीची सूचना. तिकडचा एखादा आयातदार म्हणेल, बिलात किंमत जरा कमी दाखवा, कर वाचेल, उरलेले पैसे नंतर पाहू. त्या वाटेला जाऊ नका. त्याच मालाचा बाजारभाव तिकडच्या कस्टमच्या नजरेखाली असतो. संशय आला की खेप थांबते, आणि पुढच्या खेपाही बारकाईने पाहिल्या जातात. शिवाय बिलात न लिहिलेले पैसे मागायला तुम्ही कोणत्या कोर्टात जाणार?

शेजारधर्म कुठवर

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी सांगतो. हंगामात शेजारी येतो, भाऊबंद येतो. म्हणतो, "माझी नोंदणी राहिली. दोनच टन आहेत. तुझ्या नंबरावर घाल, माल तर एकाच शिवारातला." नाही म्हणणे जड जाते. गावात राहायचे असते, सोयरीक असते, अडीनडीला तोच धावून येतो.

तरीही नाही म्हणा. कारण त्या क्षणी तुमचा कागद एक बोलू लागतो आणि माल दुसरे. तुम्ही त्याची फवारणीची वही पाहिलेली नाही. त्याच्या दोन टनांत जे निघेल ते तुमच्या गट नंबरावर लिहिले जाईल, आणि माग काढणारे तुमच्याच दारी येतील. त्याहून मोठी गोष्ट अशी की ते लिहिताना तिकडे तुमचे नाव वाचत नाहीत, भारताची द्राक्षे असे वाचतात. २०१४ मध्ये काय झाले ते वर सांगितलेच आहे. शेजाऱ्याला मदत करायची असेल तर आज करा. त्याला बरोबर घेऊन कृषी कार्यालयात जा, नोंदणी करून द्या, वहीचे रकाने आखून द्या. फेब्रुवारीत नंबर उसना देण्यापेक्षा आज त्याच्यासाठी एक दिवस मोडणे हाच खरा शेजारधर्म.

दिवाळीच्या पार्सलविषयी

सदर वाचणाऱ्या भगिनींसाठी दोन ओळी. दिवाळी जवळ आली. लेक, सून, नातवंडे परदेशी असतील तर फराळाचे पार्सल निघेल. तोच नाका त्या डब्यालाही लागतो. युरोपीय संघातल्या देशांत घरगुती पार्सलातूनही दुधाचे पदार्थ जाऊ देत नाहीत. पेढे, बर्फी, खवा त्यात घालू नका. चकली, शेव, शंकरपाळे तेलात तळून पाठवा. विमानाने जाणाऱ्या कोणाच्या पिशवीत ताजी फळे, रोपे, बियाणे लपवून देऊ नका. पार्सलाच्या चिठ्ठीवर नुसते "खाऊ" असे न लिहिता पदार्थांची नावे आणि वजन लिहा. प्रवाशाने विचारल्यावर जे आहे ते सांगावे. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात; लपवलेली सापडली तर दंडही बसतो आणि मानही जातो.

बारा टनांच्या कंटेनरला जो नियम तोच दोन किलोच्या डब्याला. आत जे असेल तेच वर लिहिलेले असावे.

तेव्हा मंडळी, कात्री हाती घेतलीच आहे, तर येत्या बाजारी शंभर पानी एक वही आणा. पहिल्या पानावर गट नंबर, वाण आणि छाटणीची तारीख लिहा. दुसऱ्या पानावर पहिल्या फवारणीची नोंद करा. ही वही कृषी कार्यालयात आणलीत, तर रकाने बरोबर आहेत की नाहीत ते आमचे लोक पाहून देतील. तिकडच्या नाक्यावर तुम्हाला जाता येणार नाही. तुमच्या वतीने तिथे उभी राहणार ती हीच वही. तिला खरे बोलू द्या.